पालीला भिणारे गजभिये सर

गजभिये सर आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि त्यांना पालीची भीती वाटायची. साधीसुधी नाही हो. स्टाफरूमच्या भिंतीवर पाल दिसली की सर हातातला चहा टेबलावर ठेवून थेट व्हरांड्यात जायचे आणि तिथून खिडकीतून विचारायचे, "गेली का?" आता अशा माणसाच्या पोटी साप पकडणारी मुलगी जन्माला यावी, याला काय म्हणावं? मी तर त्यांना तोंडावर म्हणायची, "सर, निसर्ग तुमची मस्करी करून राहिला." ते हसायचे नाहीत. एकुलती एक पोर, प्रज्ञा तिचं नाव, आणि एक ना एक दिवस ती एखाद्या सापापायी आपल्या हातची जाईल, ही धास्ती त्यांच्या जिवाला कायमची लागलेली होती. बाकी सगळ्या बाबतीत सर अत्यंत सुखी माणूस.

मी त्याच शाळेत सामाजिक शास्त्र शिकवायची. सेक्टर सहामध्ये सरांचं क्वार्टर आमच्या समोरच, मधे फक्त रस्ता आणि दोन्हीकडची मेंदीची कुंपणं. माझे वडील रेल्वेत गार्ड होते, दुर्गच्या लाइनवर. सरांचे वडील भंडाऱ्याकडून येऊन पोलादाच्या प्लांटमध्ये लागले. म्हणजे आम्ही दोघंही मूळचे नागपूरकडचे आणि वाढलेले भिलाईत. वर्गात हिंदी, आपसात मराठी, आणि भांडण लागलं की जी आधी तोंडात येईल ती.

माझ्याबद्दल सरांचं मत पहिल्याच वर्षी पक्कं झालं. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी हातून काचेचा ग्लास पडला, आणि मी नेहमीप्रमाणे आधी ओरडले, मग वळून पाहिलं. सर शांतपणे म्हणाले, "भोयर मॅडम, तुमी टिटवी आहा. टिटवी आधी बोंबलते, मंग पायते का झालं ते. वाईट नका वाटून घेऊ. त्याच्यानंच तिचं अंडं वाचते."

मी कशाला ऐकून घेते! म्हटलं, "आणि तुमी बगळे. तासभर एका पायावर ध्यान लावून उभे, आणि बेडूक दिसला की भिऊन उडून जाणारे."

सर होतेच तसे. उंच, काटकुळे, मान जरा पुढे काढून चालणारे, आणि बाराही महिने पांढरा शर्ट. माझं बोलणं त्यांना इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यांनी ते आठवीच्या वर्गात जाऊन सांगितलं. तेव्हापासून पोट्टे त्यांना पाठीमागे बगुला सर म्हणायला लागले, आणि ते सरांनाच कौतुकाचं वाटायचं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "जिसका जैसा पेट, उसकी वैसी चोंच." हे ते फळ्यावर लिहीत, पालकांच्या सभेत सांगत, आणि कँटीनमध्ये एखादा मास्तर दुसऱ्याच्या डब्यातली भजी उचलताना दिसला की त्यालाही ऐकवत. चोचींचा धडा जवळ आला की सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, स्वयंपाकघरावर धाड पडायची. अडकित्ता म्हणजे पोपट, चिमटा म्हणजे बगळा, पिठाची चाळणी म्हणजे रोहित पक्षी, आणि वाकडी दाभण म्हणजे फुलातला मध पिणारा शिंजीर. टेबलावर ताटात चणे, पाण्यात तांदूळ, बाटलीत सरबत. पोरांना एकेक हत्यार देऊन सर म्हणत, आता जेवा. ज्याच्या वाट्याला चिमटा आला तो पाण्यातले तांदूळ वेचताना रडकुंडीला येई, आणि चाळणीवाला दोन मिनिटांत पोटभर जेवून मोकळा होई. असा वर्ग मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, हे मला कबूल आहे. पण तिकडे घरी काय व्हायचं? वहिनी फाटकाशी येऊन मला हाक मारायच्या.

"मॅडम, शाळेत जाऊन राहिल्या ना? सरले म्हणा, रोहित पक्षी मधल्या सुट्टीत घरी पाठवा. मले पीठ चाळाचं आहे."

देवमाशाची गोष्ट तर अजून निघते. सहावीच्या पोरांना पटतच नव्हतं की प्लांटच्या बसपेक्षाही मोठा प्राणी असू शकतो. सरांनी फळ्यावर काढून पाहिला, फळा पुरला नाही. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी वर्ग मैदानावर नेला, आणि क्रीडा विभागाचा चुना घेऊन खऱ्या मापाचा निळा व्हेल जमिनीवर काढला. डोकं झेंड्याच्या खांबाजवळ, शेपूट लांब उडीच्या खड्ड्यापलीकडे. मग चार पोरं त्याच्या वल्ह्यासारख्या पंखात आडवी झोपवली. ही बोटं, म्हणाले. तुमच्या हातात आहेत, वटवाघळाच्या पंखात आहेत, ह्याच्या वल्ह्यातही आहेत, फक्त एक कमी. हाडं तीच, कामं वेगळी. पोरं इतकी खूश झाली की बोटं व्हायला भांडणं लागली.

आता सोमवारी होता क्रीडा दिवस, आणि पी.टी.च्या शुक्ला सरांनी दोन दिवस खपून मैदानावर पट्टे आखून ठेवले होते. शंभर मीटरची शर्यत सुटली तशी निम्मी पोरं आपला पट्टा सोडून व्हेलच्या पोटाच्या रेषेवरून वळत गेली, आणि दोन थेट शेपटीतून बाहेर पडली. शुक्ला सर शिट्टी तोंडातून काढून कडाडले, "मैदान पे ये मछली किसने बनाई?"

प्रमुख पाहुणे समोर बसलेले. गजभिये सर खुर्चीतून उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मछली नहीं है सर. स्तनधारी है." आणि खाली बसले.

आणि ज्या माणसानं हे सगळं केलं, त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता, बरं का! मोठं पाणी म्हणजे तांदुला धरण, तेही शाळेच्या सहलीत, तेही काठावर चपला न काढता. डॉल्फिनबद्दल ते तासन्‌तास बोलत. ती झोपताना अर्धाच मेंदू झोपवते, एक डोळा उघडा ठेवते, नाहीतर श्वास घ्यायला वर कोण येणार, वगैरे. प्राचार्यांच्या मीटिंगमध्ये सर स्वतः हीच पद्धत वापरत, हे मी शेजारी बसून कैकदा पाहिलं आहे. पण पाण्याच्या जवळ म्हणून जायचे नाहीत.

प्रयोगशाळेत मात्र सरांचा रुबाब पाहण्यासारखा. तिथे कपाटात फॉर्मेलीनच्या बरण्यांत नाग, मण्यार, घोरपडीचं पिल्लू असे सगळे मांडलेले. सर नागाची बरणी उचलून छातीशी धरत, पोरांना फिरवून दाखवत, विषाची ग्रंथी कुठे, फणा कुठल्या बरगड्यांनी फुलतो, सगळं बोट ठेवून सांगत. पोरांना वाटायचं, काय छातीचा माणूस आहे! मी एकदा विचारलं, "सर, इतक्याशा पालीले भेता, अन्‌ हा नाग कडेवर घेऊन फिरता?"

"मॅडम, बरणीतला नाग म्हणजे नमुना," सर म्हणाले. "नमुना पळत नाही."

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सर सापाला भ्यायचे, तरी मारू द्यायचे नाहीत. रविवारी विहारात वंदनेला जाणारा माणूस, पंचशील नुसतं म्हणायला नाही तर पाळायला घेतलेलं. आमच्या भागात पावसाळा लागला की साप निघायचेच. जुनी क्वार्टरं, मागे बाग, कुंपणं, नाल्या. साप निघाला की लोकं सळया घेऊन धावत, आणि आमच्या गावात लोखंडाच्या सळईला काय तोटा! मग सर आपल्या ओट्यावर, शक्यतो खुर्चीवर चढून, तिथून ओरडत, "मारू नका! मारू नका कोणी! जाऊ द्या त्याले!" लोकं म्हणत, सर, मग तुम्हीच काढा. सर खुर्चीवरून उतरत नसत. साप मरायचा, आणि सर त्या दिवशी जेवायचे नाहीत.

हे सगळं लहानगी प्रज्ञा दारात उभी राहून पाहायची. पुढे मोठी झाली, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला लागली, आणि रायपूरच्या एका गटाकडून साप सुरक्षित पकडून सोडून द्यायचं रीतसर शिकून आली. मी विचारलं, "काय गं, हे खूळ कुठून शिरलं तुझ्या डोक्यात?"

म्हणाली, "मावशी, बाबा जिंदगीभर बोलत राहिले, मारू नका. मग काढणार कोण? किसी को तो करना पडेगा ना."

सरांना ती काय म्हणते ते सांगितलं, तर ते मलाच म्हणाले, "तुमी तिले समजवाचं सोडून माह्या चुका काहून काढून राहिल्या?"

दुसरी गोष्ट कवड्याची. एका पावसाळ्यात आमच्या शेजारच्या बाथरूममध्ये साप निघाला. काळपट अंगावर पांढरे पट्टे. गल्ली जमा झाली. प्रज्ञा कॉलेजात, म्हणून लोकांनी सरांना बोलावलं. शेवटी जीवशास्त्राचे मास्तर ना! सर आले, पण बाथरूमच्या दारापासून चांगले चार हात लांब उभे राहिले, मान पुढे काढून एक नजर टाकली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मण्यार!" ते ओरडले. "करैत है, करैत! कोई पास मत जाना! अन्‌ मारू बी नका!" आता मण्यार म्हटल्यावर कोण थांबणार? बायका पोरांना घेऊन रस्त्यावर, कुणी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, कुणी सळई आणली. एवढ्यात प्रज्ञाची स्कूटी आली. ती आत गेली, वाकून पाहिलं आणि तिथूनच म्हणाली,

"बाबा, हा कवड्या आहे. बिनविषारी. पट्टे मानेपासूनच सुरू झाले, पाहा ना. मण्यारीचे मागून सुरू होतात. तुम्हीच तं शिकवलं!"

गल्लीसमोर बोलली हो. सरांचे विद्यार्थी, त्या विद्यार्थ्यांचे आईबाप, सगळे तिथेच. बरणीतली मण्यार सरांनी कितीदा हातात घेतली असेल, त्याला हिशेब नाही. पण चार हातांवरून, भिजलेल्या फरशीवर, जिवंत साप वळवळतोय म्हटल्यावर सगळं ज्ञान कुठल्या कुठे गेलं. पोरीनं कवड्या उचलला, आणि त्या बेट्यानं तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. कवड्या फार चावरा असतो. रक्ताचा एक थेंब आला. प्रज्ञा हसली, सापाला पिशवीत घातलं, आणि वळून पाहते तर सर भिंतीला टेकून खाली बसलेले.

बिनविषारी आहे, तुम्ही स्वतः पाहिलं, असं सगळ्यांनी सांगून झालं. सर ऐकेनात. तिला दवाखान्यात नेलंच. डॉक्टरांनी अंगठा धुतला, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं आणि घरी जा म्हणाले. सर म्हणाले, थांबतो. बाकावर पोरीचा तो अंगठा दोन्ही हातांत धरून बसले. मी आणि वहिनी समोर. सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललेलं.

"बाबा, रडून राहिले तुमी?"

"रडत नाही," सर म्हणाले. "समुद्री कासवाच्या डोळ्यातून पाणी निघते ते रडणं नसते. जास्तीचं मीठ बाहेर पडते."

मला हसू आलं. प्रज्ञा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही उगाच टेन्शन घेता. मले काहीच भेव नाही वाटत. कशाचंच नाही." तिला वाटलं, हे ऐकून बाप निर्धास्त होईल. सरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं आपल्या मरणाची तारीख सांगितली. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यामागे लकडा लावला. साप सोड. बी.एड. कर. आपल्याच शाळेत लाग, माझ्या बरण्या तुझ्या हवाली करतो.

आणि नेमकं तेव्हाच तिला ओडिशाच्या किनाऱ्यावर काम मिळालं. एका संस्थेत. होडीतून फिरून खाडीतल्या डॉल्फिन मोजायच्या, अंडी घालायला येणाऱ्या कासवांवर लक्ष ठेवायचं, किनाऱ्याला मेलेलं काही लागलं तर ते का मेलं हे शोधायचं. जे सरांनी चुन्यानं काढलं, ते पोरगी पाण्यात पाहायला जाणार. दुसरा बाप असता तर पेढे वाटले असते. आमच्या सरांनी काय करावं? नाही म्हणाले नाहीत. शिक्षक माणूस, सरळ नाही कसं म्हणणार? त्यांनी रोज जेवताना धडा सुरू केला. समुद्री सापाची शेपटी वल्ह्यासारखी चपटी कशी असते आणि त्याचं विष नागापेक्षाही कसं जहाल. खाऱ्या पाण्यातली मगर श्वास रोखून किती वेळ दबा धरते. वहिनी एक दिवस भाजीचा डाव आपटून म्हणाल्या, "अहो, जिंदगी गेली तुमची दुसऱ्याच्या पोट्ट्याइले समुद्र शिकवण्यात. घरची पोट्टी खरा समुद्र पाहाले जाते तं काहून आडवे पडून राहिले?"

"मी कुठं आडवा पडलो? मी माहिती देऊन राहिलो."

प्रज्ञाही बापाचीच पोर. तिनं सांगून टाकलं, बाबा स्वतःच्या तोंडानं जा म्हणतील तेव्हाच मी गाडीत बसेन. नाहीतर नाही. संस्थेला तिनं होकार कळवला, आईनं तिकीट काढलं, आणि बाप काही बोलेना. दिवस जाऊ लागले. पोरगी वाळत चालली, बाप तिच्याहून जास्त वाळला, आणि मुळातच तो बगळा. मला दोघांचा इतका राग यायचा, आणि दोघांची इतकी कीव यायची, की सांगता सोय नाही.

निघायला आठवडा असेल. शाळेत परीक्षा चालू होत्या, आणि सर प्रयोगशाळेत एकटेच बरण्या पुसत होते. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. अचानक लॅबचा शिपाई साहू व्हरांड्यातून ओरडत पळाला, "डोमी हे मैडम! सर के लैब म डोमी हे!" डोमी म्हणजे इकडे नाग. मी खिडकीशी धावले. आत पाहते तर नाग कपाटाच्या मागून निघून दाराच्या उंबऱ्याशी वेटोळं घालून बसलेला, फणा काढून. आणि आमचे सर प्रात्यक्षिकाच्या मोठ्या टेबलावर चढलेले, हातात कापड, पायाशी दोन बरण्या. खिडकीला गज. बाहेर यायची वाट एकच, आणि त्या वाटेवर नाग.

प्रज्ञाला फोन गेला. ती स्कूटीवर आली तोवर सर टेबलावर तसेच उभे. इतक्या वर्षांत त्यांनी मुलीला साप पकडताना एकदाही पुरता पाहिला नव्हता. ती पुढे गेली की ते मागे वळायचे, डोळे मिटायचे, खुर्ची शोधायचे. आज जाणार कुठे? पाहावंच लागलं.

मी समजत होते, ही पोर येईल आणि पटकन उचलेल. कसलं काय! तिनं आधी सगळ्यांना लांब केलं. मग दाराशी बसून नुसतं पाहत राहिली. तळहात जीन्सला पुसले. साप धरायची आकडी पुढे नेली, नागानं फुत्कार टाकला, ती दोन पावलं मागे सरली. परत हात पुसले. परत थांबली. काळ्या पिशवीच्या तोंडाला जोडलेला पाइप तिनं नागासमोर जमिनीवर ठेवला आणि वाट पाहत राहिली, की त्याला लपायला अंधार हवा आहे तर तो आपणहून जाईल. सर मात्र नागाकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर पूर्ण वेळ पोरीच्या हातांवर होती. शेवटी नाग पाइपात शिरला, तिनं पिशवीचं तोंड बांधलं, पिशवी बादलीत ठेवली, आणि आमच्याकडे पाठ करून दोन्ही हात काखेत घट्ट दाबून जरा वेळ बसली. मग उठली आणि नेहमीसारखी हसत म्हणाली, "उतरा बाबा. झालं."

सर उतरले. ती पिशवी घेऊन जंगलाकडे गेली, आणि सर राहिलेल्या बरण्या पुसायला लागले.

तो आठवडा तसाच गेला. जेवणातले धडे मात्र थांबले. निघायच्या दिवशी वहिनींनी कुणाला न विचारता ऑटो बोलावला, बॅगा टाकल्या, नवऱ्याला आणि पोरीला बसवलं आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी बी चला. स्टेशनावर हे दोघं तोंड शिवून उभे राह्यले तं मी एकटी काय करू?" पुरीची गाडी दुर्गहूनच सुटते, त्यामुळे ती प्लॅटफॉर्मला आधीच लागलेली. बॅगा आत गेल्या. प्रज्ञा खाली उभी. सर तिच्यासमोर उभे. पाण्याची बाटली आणून दिली, बॅगेला साखळी लाव म्हणाले, वरच्या बर्थवर झोप म्हणाले. जा म्हणेनात. आजूबाजूला सगळी घरं आपापल्या लेकरांना निरोप देत होती. एक छत्तीसगढी आजी खिडकीतून नातीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणत होती, झन डर्राबे बेटी. पलीकडे कुणी बाप तेच हिंदीत, डरना मत. गाडीनं भोंगा दिला.

प्रज्ञाचे डोळे भरले. म्हणाली, "आई, बॅगा उतरव."

तेव्हा सर बोलले. "थांब. एक विचारतो. तुले भेव वाटते?"

"नाही बाबा. कशाचं भेव?"

"खोटं नको बोलू. टेबलावरून हात पाह्यले मी तुझे. थरथरून राह्यले होते."

प्रज्ञानं मान खाली घातली. इतकी वर्षं लपवलेली गोष्ट, आणि ती नेमकी ज्याच्यापासून लपवली त्यानंच पाहिलेली. "वाटते," ती म्हणाली. "दरवेळी वाटते. लय वाटते बाबा. तुमाले सांगतलं असतं तं तुमी जाऊच नसतं देलं."

"वेडी आहेस," सर म्हणाले. "मले वाटे, माह्या पोरीले भेवच नाही. म्हणून तं माही झोप उडाली होती. ज्या जनावराले भेव नाही ना बेटा, थे पहिलं मरते. भेव वाटते ना तुले? मंग जा."

तिनं बापाला मिठी मारली, आईला मारली, मला मारली आणि पळत डब्यात चढली. गाडी हलली. पुढल्याच वर्षी सर रिटायर झाले, क्वार्टर सोडून नागपूरला भावाजवळ राहायला गेले, आणि मीही सेक्टर सोडून रिसालीला आले. फोनवर बोलणं होतं, भेट नाही. म्हणून सर म्हटलं की मला ते दुर्गच्या प्लॅटफॉर्मवरचेच दिसतात. पांढरा शर्ट, मान पुढे, लांब लांब टांगा टाकत खिडकीबरोबर पळताहेत. सगळा प्लॅटफॉर्म आपापल्या लेकरांना भिऊ नको, भिऊ नको म्हणून सांगून राहिला होता, आणि आमचे गजभिये सर हात वर करून, लोक वळून पाहतील इतक्या मोठ्यानं ओरडत होते, "भेत जा बेटा! रोज भेत जा!"